हेडचे बोल्ट आवळण्याविषयी

एका बाजूस प्रशांत महासागर आणि दुसऱ्या बाजूस इलावाराचा उभा कडा अशा चिंचोळ्या पट्टीवर वॉलॉंगॉंग शहर वसले असल्यामुळे, येथून सिडनीकडे किंवा पिक्टनकडे निघालेल्या मोटारीला, इंजिन पुरते तापले न तापले तोच, सुमारे तीनशे मीटरांची चढण चढावी लागते. १९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत संरक्षणाच्या निकडीने खुला झालेला माउंट ऊस्लीचा रस्ता आज या शहराचा मुख्य दरवाजा झाला आहे. आणि भर उन्हाळ्यातल्या दुपारी, मागे सामान लादलेले आणि पुढे कोळशाच्या मालमोटारींची रांग अशा अवस्थेत तो चढताना, ज्या इंजिनाची शीतनव्यवस्था थोडीशी जरी अधू असेल त्याचा उष्णतेचा काटा लाल रेघेकडे सरकू लागतो. असे चार-दोन प्रसंग घडून गेल्यावर रेडिएटरमधले पाणी कारणावाचून कमी होऊ लागले, सकाळी गाडी चालू करताच धुराड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर निघू लागला आणि तेलाच्या झाकणाच्या आतल्या बाजूस दुधाळ साय धरू लागली, म्हणजे हेड गॅस्केट गेली असा संशय धरून दाबाची परीक्षा करवून घ्यावी हे बहुतेक मोटारधारकांना ठाऊक असते. परंतु हेड उतरवून नवी गॅस्केट घातल्यानंतर ते हेड पुन्हा ज्या बोल्टांनी बांधावयाचे, त्या बोल्टांविषयी मात्र आपल्या मंडळींत, घरच्या गॅरेजात स्वतः पाना हाती धरणाऱ्या हौशी मंडळींतसुद्धा, विलक्षण अनास्था दिसते. आणि बोल्ट मोटार-कंपनीचे नसून बाहेरचे, अधिक मजबूत म्हणून मुद्दाम विकत घेतलेले असले, तर ही अनास्था इंजिनाच्या जिवावर बेतते.

कंपनीच्या बोल्टांऐवजी बाहेरचे बोल्ट घालण्याचे प्रयोजन कोणाला आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. नेमाने कामावर जाणारी, इंजिनात काहीही फेरफार न केलेली गाडी असेल, तर कंपनीचेच नवे बोल्ट घ्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे. आधुनिक गाड्यांतले पुष्कळसे हेड-बोल्ट आवळताना मुद्दाम त्यांच्या लवचीकपणाच्या सीमेपर्यंत किंवा किंचित पलीकडे ताणले जातात, त्यामुळे ते एकदाच वापरावयाचे असतात. जुनेच पुसून पुन्हा घालणे ही काटकसर नव्हे. परंतु जेथे टर्बोचा दाब वाढविला आहे, तेथे गोष्ट वेगळी होते. ऑस्ट्रेलियातले सर्वांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे फोर्ड फाल्कन गाडीतले बॅरा नावाचे सहा सिलिंडरांचे, चार लिटरचे इंजिन. २००२ पासून, ऑक्टोबर २०१६ मध्ये फोर्डने या देशातला मोटारीचा कारखाना बंद करीपर्यंत ते जिलाँग येथे तयार होत होते. त्याचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. त्याच्या सिलिंडराचा व्यास सुमारे ९२ मिलीमीटर आहे. इतक्या व्यासाच्या सिलिंडरात ज्वलनाचा दाब ७० बारपर्यंत चढला तर हेडला खालून बसणारा रेटा पावणेपाच टनांच्या आसपास भरतो, आणि टर्बोच्या जोरावर तोच दाब १०० बारवर नेला तर पावणेसात टन. हा रेटा दर दोन फेऱ्यांस एकदा, म्हणजे मिनिटाला सहा हजार फेरे असताना प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला पन्नास वेळा बसतो. कंपनीने आपल्या हिशेबाने नेमलेल्या बोल्टांचा दम अशा वेळी अपुरा पडतो, हेड केसभर उचलले जाते, गॅस्केटच्या कडेतून वायू पाण्याच्या वाटेत शिरतो, आणि म्हणून अशा गाडीचा मालक बाहेरच्या कंपनीचे बोल्ट किंवा स्टड, म्हणजे वरून नट आवळावयाचे आट्यांचे दांडे, मागवितो.

आता बोल्ट नेमके काय करतो ते समजून घेतल्यावाचून पुढे पाऊल टाकू नये, कारण या कामातल्या साऱ्या चुका या एका अज्ञानातून निघतात. हेडचा बोल्ट हा एक अतिशय ताठ असा ताणकाटा आहे; आपण तो आवळतो म्हणजे त्याला लांब करतो, आणि तो पुन्हा आखूड होऊ पाहतो त्या ओढीने हेड, गॅस्केट आणि ब्लॉक एकमेकांवर दाबून धरले जातात. बारा मिलीमीटर व्यासाचा, शंभर मिलीमीटर ताणलांबीचा पोलादी बोल्ट सहा टनांच्या ओढीने आवळला, तर तो सुमारे एकतृतीयांश मिलीमीटर लांबतो. सारे इंजिन ज्यावर तरून आहे ती ही एवढीशी वाढ! कनेक्टिंग रॉडच्या बोल्टाची दोन्ही टोके उघडी असल्यामुळे त्याची लांबी मायक्रोमीटरने आधी व नंतर मोजून ही वाढ प्रत्यक्ष पाहता येते. हेडच्या बोल्टाचे खालचे टोक ब्लॉकमध्ये गाडलेले असल्यामुळे तो मार्ग येथे बंद आहे, आणि आपल्याला टॉर्क पान्याच्या आकड्यावरून आतल्या ताणाचे अनुमान करावे लागते.

हे अनुमान किती कच्चे असते पाहा. आपण पान्याला जो जोर लावतो त्याचा जवळजवळ अर्धा भाग बोल्टाचे डोके वॉशरवर घासण्यात खर्च होतो, दहापैकी चार भाग आट्यांच्या घर्षणात जातात, आणि जेमतेम एक दशांश भाग बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. घर्षण थोडे वाढले की तो दशांशही गिळला जातो. घर्षण कमी झाले की ताण अकल्पितपणे वाढतो. आणि दोन्ही वेळा पाना आपल्याला तोच आकडा दाखवितो. वर सांगितलेल्याच बारा मिलीमीटरच्या बोल्टाला १०० न्यूटन-मीटर टॉर्क दिला, तर आटे कोरडे असल्यास सव्वाचार टनांच्या आसपास ओढ मिळते, आणि चांगले वंगण लावलेले असल्यास सहा टनांच्या घरात जाते. म्हणून टॉर्कचा आकडा हा नेहमी विशिष्ट बोल्ट आणि विशिष्ट वंगण या जोडीचा आकडा असतो. गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेला आकडा कंपनीच्या बोल्टाचा आणि कंपनीने गृहीत धरलेल्या तेलाचा आहे. बाहेरच्या बोल्टाला तो लागू नाही. बाहेरच्या बोल्टाच्या डब्यात जो कागद येतो, त्यावरचे वंगणाचे नाव आणि टॉर्कचा आकडा हेच आपल्याला प्रमाण, आणि तो कागद हरवला असेल तर बोल्टाचा क्रमांक सांगून त्याच्या उत्पादकाकडून दुसरी प्रत मिळेपर्यंत काम तहकूब ठेवावे. कंपनीच्या कृतीतले ‘इतका टॉर्क द्या, मग नव्वद अंश फिरवा, मग पुन्हा नव्वद अंश’ हे कलम तर बाहेरच्या बोल्टावर कधीही चालवू नये. अंशांचा तो हिशेब कंपनीच्या बोल्टाची जाडी, आट्यांचा चढ आणि पोलादाचा मऊपणा यांवर बसविलेला असतो. अधिक ताठ आणि अधिक कठीण बोल्टाला तितकेच अंश फिरविले तर एक तर तो स्वतः तुटतो, नाही तर ब्लॉकचे आटे उपटून वर येतो.

‘बोल्ट अधिक मजबूत, तेव्हा थोडा अधिकच आवळू’ ही दुसरी समजूत. ती इतकी सर्वत्र आढळते की तिच्याविषयी स्वतंत्र ताकीद देणे भाग आहे. बोल्टाची सहनशक्ती वाढली म्हणून ॲल्युमिनियमच्या हेडची किंवा बिडाच्या आट्यांची सहनशक्ती वाढत नाही. शिवाय हेड जितके अधिक दाबले जाईल तितकी बोल्टांच्या आसपास सिलिंडरांची गोलाई बिघडते. म्हणूनच जाणते इंजिन बांधणारे सिलिंडर होन करताना, म्हणजे आतून बारीक घासून गोल करताना, वर हेडच्या जागी एक जाड पोलादी तक्ता बसवून, पुढे जे बोल्ट घालावयाचे तेच बोल्ट, त्याच टॉर्कने आवळून, मग होन चालवितात. फेरफार केलेले इंजिन आपण यंत्रशाळेत देणार असाल, तर नवे बोल्ट आणि त्यांचा कागद ब्लॉकबरोबरच तेथे पोहोचते करावेत.

पोलादाविषयी दोन शब्द येथे लिहिणे वॉलॉंगॉंगच्या रहिवाशाला कठीण जात नाही. १९२८ मध्ये हॉस्किन्स घराण्याने लिथगोहून आपला लोखंडाचा व्यवसाय पोर्ट केम्ब्लाला हलविला तेव्हापासून या किनाऱ्यावर भट्ट्या धगधगत आहेत, आणि जवळच्या उनॅन्डेरा येथे बिसॲलॉयच्या कारखान्यात पोलादाचे जाड तक्ते लालबुंद तापवून एकदम पाण्याने थंड करण्याची आणि मग पुन्हा बेताच्या उष्णतेवर ठेवून त्यांचा ठिसूळपणा घालविण्याची क्रिया चालते. उत्तम बोल्टाची ताकदही अशाच पाणी देण्याच्या आणि पुन्हा तापविण्याच्या क्रियेतून येते. १०.९ हा शिक्का असलेला बोल्ट तुटण्यापूर्वी चौरस मिलीमीटरला सुमारे एक हजार चाळीस न्यूटन सहन करतो, १२.९ चा बाराशेवीस. आणि अमेरिकेतल्या एआरपी कंपनीचे, शर्यतीच्या गाड्यांत प्रचलित असलेले क्रोम-मोलिब्डेनम पोलादाचे बोल्ट तेराशे ऐंशीच्या आसपास. परंतु ही ताकद एक किंमत मागते. पोलाद जितके कठीण तितके ते ओरखड्याला आणि गंजाला अधिक हळवे होते. एल-१९ नावाच्या जातीचे स्टड तर ओलाव्याने, हाताच्या घामानेसुद्धा आतून तडकू शकतात, म्हणून ते नेहमी तेलात माखलेले ठेवावे लागतात. खारे वारे दिवसरात्र अंगावर घेणाऱ्या या गावी रस्त्यावरच्या गाडीसाठी असली जात घेऊच नये. आणि कोणत्याही उच्च प्रतीच्या बोल्टाचा गंज काढण्यासाठी तो आम्लात बुडवू नये, त्यावर चकाकीसाठी मुलामा चढवू नये, ओळखीसाठी त्याच्या दांड्यावर पंच मारू नये. ओरखडा नखाला लागला की तो बोल्ट बाद.

हेड उतरविण्याचा तपशील मी येथे देत नाही. एवढेच सांगतो की इंजिन पूर्ण थंड झाल्यावाचून, शक्य तर रात्रभर उभे राहिल्यावाचून, एकाही बोल्टाला हात लावू नये, आणि सोडताना आवळण्याच्या उलट क्रमाने, कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करीत जावे. तापलेले ॲल्युमिनियमचे हेड एका बाजूने मोकळे केले की ते वाकते. उतरल्यावर हेडच्या आणि ब्लॉकच्या पृष्ठभागावर चांगली सरळपट्टी उभी, आडवी आणि तिरपी धरून खालून फीलर गेज सरकवून पाहावे. बहुतेक इंजिनांना पाच-शतांश ते दहा-शतांश मिलीमीटरपेक्षा अधिक वाक चालत नाही. नक्की मर्यादा आपल्या इंजिनाच्या पुस्तकात पाहावी. पोलादी पत्र्यांच्या थरांची आधुनिक गॅस्केट बसवावयाची असेल तर पृष्ठभागाचा गुळगुळीतपणाही तितकाच महत्त्वाचा आहे, तेव्हा हात-ग्राइंडरवर तारेचा किंवा खरखरीत चकतीचा ब्रश लावून जुनी गॅस्केट खरवडण्याचा उपाय येथे अपाय ठरतो. वाक सापडला तर फेसिंग यंत्रशाळेतच करून घ्यावे.

आता ब्लॉकमधल्या भोकांकडे वळू, आणि येथे मात्र घाई करू नये, कारण माझ्या मते बोल्ट बसविण्याचे अर्धे काम भोकातच आहे. हेड उचलल्या उचलल्या विजेरी धरून एखाद्या भोकात डोकावून पाहावे: तळाशी जुने तेल, उतरताना सांडलेले पाणी आणि गॅस्केटचा चुरा यांचा काळपट, चिकट गोळा जमलेला असतो, आणि आट्यांच्या घळींत मागच्या मेकॅनिकने लावलेल्या सीलंटची पांढुरकी पापुद्र्याची रेघ दिसते. हा गोळा तसाच राहिला आणि वरून बोल्ट घातला, तर बंद तळाच्या भोकात अडकलेल्या द्रवाला जावयास वाट उरत नाही. बोल्ट आत उतरत जातो तसा तो द्रव पिचकारीसारखा दाबला जातो आणि बिडाचा ब्लॉक तळाशी चिरतो. ही चीर बाहेरून दिसत नाही. इतके विपरीत न घडले, तरी घाणीवर टेकलेला बोल्ट पान्यावर पुरा टॉर्क दाखवितो आणि हेडला मात्र दाबत नाही.

म्हणून प्रत्येक भोक सॉल्व्हंटने धुवावे, आटे साफ करण्याचा खास टॅप हाताने, तेलाच्या थेंबासह, हलकेच फिरवावा, आणि दाबाच्या हवेने तळापर्यंत फुंकून काढावे. हे करताना डोळ्यांवर चष्मा आणि भोकाच्या तोंडावर फडके असावे, आणि शेजारची सिलिंडरे व तेलाच्या वाटा आधी झाकलेल्या असाव्यात. आटे साफ करण्याचा टॅप आणि आटे पाडण्याचा टॅप या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसरा वापरला तर तो चांगल्या आट्यांची धातूही खरवडून नेतो आणि पुढे बोल्ट भोकात सैल बसतो. आटे साफ झाल्यावर नवा बोल्ट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत उतरला पाहिजे. मध्ये कोठे अडला तर पाना लावून त्याला दामटू नये, बाहेर काढून पुन्हा पाहावे. मग खोलीमापकाने भोकाची खोली मोजावी, बोल्ट हेड, गॅस्केट आणि वॉशर यांतून जाऊन किती खाली येतो ते मोजावे, आणि तो तळाला टेकत नाही याची खातरजमा करून घ्यावी. बोल्टाची पकड बिडाच्या ब्लॉकमध्ये त्याच्या व्यासाच्या दीडपट, आणि ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये दुप्पट असावी हा जुना कारागिरी शिरस्ता आजही निर्धास्तपणे पाळावा.

बोल्ट घ्यावा की स्टड, या प्रश्नाला मी स्टडच्या बाजूने कौल देतो, जर इंजिन गाडीबाहेर काढलेले असेल किंवा बोनेटखाली हेड सरळ उचलून उतरविण्यास जागा असेल तर. बोल्ट आवळताना तो एकाच वेळी ताणला जातो आणि पिळलाही जातो, आणि त्याचे आटे ब्लॉकच्या आट्यांवर पूर्ण भाराखाली घासत जातात. स्टड ब्लॉकमध्ये स्थिर राहतो, वरचा नट बारीक आट्यांवर फिरतो, आणि त्यामुळे ब्लॉकच्या आट्यांची झीज टळून ताणही अधिक एकसारखा येतो. स्टड ब्लॉकमध्ये बोटांनी, किंवा त्याच्या डोक्यावर षट्कोनी खाच असेल तर ॲलन पान्याने हलक्या हाताने टेकेपर्यंत फिरवावा. दोन नट एकमेकांवर आवळून तो जोराने आत बसविण्याची जी रीत काही जुन्या गॅरेजांत दिसते ती येथे वर्ज्य आहे, कारण जोराने बसविलेला स्टड भोकाच्या तोंडाशी तिरका होतो किंवा तळावर अनावश्यक ताण देतो.

काही इंजिनांत हेड-बोल्टाची भोके पाण्याच्या वाटेत उघडतात. तेथे आट्यांना सीलंट लावल्याशिवाय गत्यंतर नाही. न लावल्यास पाणी आट्यांतून वर चढून बोल्टाच्या डोक्याशी झिरपते आणि मधल्या मधे पोलाद गंजविते. परंतु सीलंट लावले की आट्यांचे घर्षण बदलते, आणि घर्षण बदलले की टॉर्कचा आकडा बदलतो, तेव्हा बोल्टाच्या कागदावर सीलंटविषयी काय लिहिले आहे ते काळजीपूर्वक वाचावे. स्टडच्या बाबतीत हा पेच सुटतो, कारण सीलंट खालच्या टोकाला आणि टॉर्क वरच्या नटाला. मात्र सीलंट घट्ट होण्यापूर्वी आवळणी पुरी करावी.

वॉशर ही क्षुल्लक वस्तू समजली जाते, आणि तिच्यापायी चांगली कामे फुकट जातात. बाहेरच्या बोल्टांबरोबर कठीण केलेले, घासून सपाट केलेले वॉशर येतात. तेच घालावेत, नटबोल्टांच्या दुकानातले साधे वॉशर नव्हेत, कारण मऊ वॉशर चेपला की मिळविलेला ताण त्या चेपण्यातच हरवतो. वॉशरच्या भोकाची एक कड उतरती केलेली असते. बोल्टाच्या डोक्याखालचा गोलावा तीत बसावा म्हणून ती बाजू वर, डोक्याकडे ठेवावी. वंगण आट्यांना, आणि नटाच्या किंवा बोल्टाच्या डोक्याच्या खालच्या बाजूस, म्हणजे ते वॉशरवर जेथे घासते तेथे, सर्वत्र सारखे लावावे. वॉशर आणि हेड यांच्या मध्ये लावू नये, तेथे कोरडे आणि स्वच्छ असावे, नाही तर नटाबरोबर वॉशरच फिरू लागतो. एका बोल्टाला उत्पादकाचे वंगण आणि ते संपले म्हणून दुसऱ्याला इंजिन-तेल, असे केले तर हेडखाली एका कोपऱ्यात अधिक ओढ आणि दुसऱ्या कोपऱ्यात कमी, अशी विषम वाटणी होते. मग गॅस्केट नवी असूनही दुबळ्या कोपऱ्यातून जाते.

टॉर्क पाना विश्वासाचा असावा. मोजमापाच्या मान्य प्रघाताप्रमाणे वर्षातून एकदा, किंवा पाच हजार वेळा वापरल्यावर, त्याची तपासणी करवून घ्यावयाची असते. घरी वापरणाऱ्याने निदान हेडच्या कामापूर्वी ती करवून घ्यावी. टकटक आवाज करणारा पाना वापरून झाल्यावर सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवावा, आणि त्याच्या मोजपट्टीच्या खालच्या पाचव्या हिश्शातला आकडा कधी वापरू नये. एककांचा घोटाळा तर आपल्या मराठी लोकांच्या बाबतीत विशेष संभवतो, कारण ज्यांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानांच्या आसपास हे काम पाहिले त्यांच्या डोक्यात किलोग्रॅम-मीटर असते, येथली पुस्तके न्यूटन-मीटर बोलतात, आणि अमेरिकेहून आलेल्या बोल्टाच्या कागदावर फूट-पाउंड ठळक छापलेले असतात. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर, एक फूट-पाउंड म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर. कागदावर ७५ फूट-पाउंड लिहिले असतील तर पाना सुमारे १०२ न्यूटन-मीटरवर लावावयाचा. तो ७५ न्यूटन-मीटरवर लावला, तर हेडवर हव्या त्या दाबाचा एक चतुर्थांशाहून अधिक भाग कमी पडेल. काम सुरू करण्यापूर्वी आपला आकडा एकाच एककात, मोठ्या अक्षरांत लिहून समोर चिकटवावा.

प्रत्यक्ष आवळणी नेहमी मध्यापासून कडेकडे, इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या क्रमाने करावी; क्रमाच्या बाबतीत पुस्तक प्रमाण, आकड्याच्या बाबतीत बोल्टाचा कागद प्रमाण. सहा सिलिंडरांच्या सरळ इंजिनात बहुधा चौदा बोल्ट असतात, तेव्हा क्रमांक खडूने हेडवरच लिहिले तर मध्येच कोणी हाक मारली तरी घोळ होत नाही. अंतिम आकड्याचे तीन समान भाग करून तीन फेऱ्यांत चढत जावे, म्हणजे १०२ न्यूटन-मीटरसाठी ३४, ६८ आणि १०२. पान्याची मूठ मध्यभागी धरून, पाय रोवून, एका सलग आणि संथ ओढीने टकक होईपर्यंत खेचावे. झटका देऊ नये. चांगल्या रीतीने वंगण लावलेला नट या ओढीत लोण्यासारखा सरकतो आणि प्रतिकार हळूहळू, एकसारखा वाढत गेलेला हाताला कळतो. त्याऐवजी नट कुरकुरला, थांबून थांबून उडी मारीत फिरला, किंवा प्रतिकार वाढेनासा होऊन पाना नुसताच फिरत राहिला, तर तेथेच थांबावे. पहिल्या दोहोंत वंगण कमी आहे किंवा वॉशर फिरतो आहे; तिसऱ्यात बोल्ट किंवा आटे हार खात आहेत, आणि तो बोल्ट काढून, भोक पाहून, नवा घातल्यावाचून गत्यंतर नाही.

शेवटची फेरी पुरी झाल्यावर ‘एकदा खात्री करून घेऊ’ म्हणून पुन्हा सर्व बोल्टांवर पाना टकटकावण्याची सवय पुष्कळांना असते. तिच्याने खात्री होत नाही. थांबलेला नट हलविण्यास चालत्या नटापेक्षा अधिक जोर लागतो, त्यामुळे सैल बोल्टही पान्याला टकक करावयास लावू शकतो. एखाद्याविषयी संशय असेल तर तो बोल्ट एकटाच थोडा सैल करून पुन्हा एका ओढीत अंतिम आकड्यापर्यंत न्यावा. काही उत्पादक सांगतात की नवे बोल्ट प्रथम एक-दोन वेळा आवळून सैल करावेत, म्हणजे आट्यांवरचे सूक्ष्म उंचवटे बसून घर्षण स्थिर होते. कागदावर तसे लिहिले असेल तर ते अवश्य करावे, लिहिले नसेल तर आपल्या मनाने करू नये.

नंतरची आवळणी हा वादाचा विषय आहे, पण त्याचे कारण समजले की वाद मिटतो. ॲल्युमिनियम तापून पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. शंभर मिलीमीटर उंचीचे हेड वीस अंशांपासून नव्वद अंशांपर्यंत तापले तर ते बोल्टापेक्षा पाऊण-दशांश मिलीमीटर अधिक वाढू पाहते, आणि बोल्टाचा ताण गरम इंजिनात आपोआप चढतो. म्हणून गरम इंजिनावर टॉर्क पाहणे निरर्थक आहे. पोलादी थरांच्या गॅस्केटला सहसा पुन्हा आवळणी लागत नाही. जुन्या पद्धतीच्या मऊ गॅस्केटला पहिल्या तापण्यानंतर लागते. गॅस्केटच्या उत्पादकाने सांगितले असेल तर इंजिन एकदा पूर्ण तापवून, रात्रभर थंड करून, दुसऱ्या दिवशी त्याच क्रमाने एकेक बोल्ट किंचित सैल करून पुन्हा अंतिम आकड्यावर न्यावा. पहिल्या काही दिवसांत चढाच्या रस्त्यावर गाडी न ओढता सपाट रस्त्यावर, डॅप्टोपासून वॉलॉंगॉंगपर्यंत, बेताने चालवावी, आणि रोज सकाळी थंड इंजिनात पाण्याची पातळी पाहून ठेवावी.

कायद्याची आणि सार्वजनिक हिताची दोन कलमे येथे नमूद केली पाहिजेत. न्यू साउथ वेल्समध्ये स्वतःच्या गाडीचे काम स्वतः करण्यास मुभा आहे, परंतु २०१३ च्या मोटार विक्रेते व दुरुस्ती करणारे यांच्याविषयीच्या कायद्याप्रमाणे मोबदला घेऊन दुसऱ्याची गाडी दुरुस्त करावयाची तर परवाना लागतो. मित्रांची हेडे पैसे घेऊन बांधून देण्याचा उद्योग कोणी आरंभू नये. रेडिएटरमधले हिरवे-गुलाबी द्रव्य विषारी असते, चवीला गोड असल्यामुळे कुत्री-मांजरे ते चाटतात. ते बादलीत गोळा करावे, रस्त्याकडेच्या गटारात मुळीच ओतू नये, कारण ती गटारे तशीच इलावारा सरोवरात आणि समुद्रात जातात. जुने तेल केम्ब्ला ग्रेंजजवळच्या व्हाइट्स गली येथील नगरपालिकेच्या केंद्रावर स्वीकारले जाते.

काम पुरे झाल्यावर एका कागदावर तारीख, किलोमीटर, बोल्टाच्या उत्पादकाचे नाव व क्रमांक, वापरलेले वंगण, अंतिम टॉर्क आणि त्याचे एकक, पुन्हा आवळणी केली असल्यास तिची तारीख, हे सर्व लिहून तो कागद गाडीच्या सर्व्हिस-पुस्तकात चिकटवावा, आणि बोल्टाच्या डब्यातला मूळ कागदही तेथेच ठेवावा. पुढे गाडी विकली जाईल, किंवा दहा वर्षांनी दुसराच कोणी मेकॅनिक हेड उघडील; त्याच्या हाती कंपनीचे पुस्तक असेल, आणि त्या पुस्तकातले अंश या बोल्टांना लावावयाचे नाहीत हे त्याला सांगावयास हा कागद तेथे असला पाहिजे.